शॉकअप कडक होते, म्हणूनच गाडी उसळत होती

आज सकाळचीच गोष्ट. माझी मुलगी कल्याणी मातीच्या शर्यतीत मोटारसायकल पळवते. गाडी तिच्या वडिलांच्या तरुणपणची. उडीवरून खाली आली की पुढचे चाक परत उसळायचे, हँडल हातातून सुटू पाहायचे. "असंच राहिलं तर रविवारच्या शर्यतीत मी उतरत नाही, आई," असे ती काल म्हणाली.

मांजरसुंब्याच्या सलीमभाई मेकॅनिकनीच पुढच्या शॉकअपमध्ये तेल भरले होते. त्यांना बोलावून घेतले. ते म्हणाले, "मॅडम, उड्या मारायच्या म्हणल्यावर शॉकअप कडकच पायजे. तुमच्यासारखं."

मी आयुष्यभर विज्ञान शिकवले आहे. मोजल्याशिवाय काही मानत नाही. स्प्रिंगा बाहेर काढल्या, नळ्या पूर्ण दाबल्या आणि पट्टीने तेलाची पातळी पाहिली. दोन्हीकडे तेल जास्त, त्यातही डावीकडे दोन बोटे वर. वर हवेला जागाच नाही, मग शॉकअप दबणार कुठे? गुरांना सुई देतात ती मोठी सिरिंज घेतली आणि तेल ओढून दोन्ही नळ्यांत सारखे केले.

कल्याणीने माळावर उडी घेतली. चाक टेकले ते टेकलेच.

"तुमी नरम केलं, मॅडम?" सलीमभाईंनी विचारले.

"बरोबर केलं," मी म्हणाले.

हेल्मेट काढत कल्याणी म्हणाली, "सलीमचाचा, आता आईचं पण तेवढं तेल काढा."

रविवारी ती उतरते आहे. मी कडेला उभी राहून सगळ्यांत मोठ्याने ओरडणार आहे. तुमच्यापैकी कोण कोण येणार?