गडहिंग्लजला गेलेला आवाज

ये, अशी जवळ बस. चपला घालायची एवढी काय घाई? काका आत झोपलेत, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. काय गं, जुना कॉम्प्युटर एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेते, असं परस्पर ठरवून मोकळी झालीस? मावशीला एका शब्दानं विचारलं नाहीस? सगळी गल्ली रॅम किती घालू, मॉनिटर कुठला घेऊ म्हणून माझ्या दारात येते, आणि माझी भाची मात्र दुकानदाराच्या शब्दावर विसंबते. रागावले नाही बाई. घाबरलेय. का, ते ऐकून जा.

काकांच्या घशाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू लहान होतीस. स्वरयंत्रच काढलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आमच्या लेकीनं त्यांना कॉम्प्युटरपुढं बसवलं, हातात माईक दिला आणि त्यांचा आवाज भरून ठेवला. विंडोजमधल्या त्या रेकॉर्डरवर एकच मिनिट भरता यायचं. तेवढंच. मी तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानात गेले होते, ते काय बोलले तेही मला ठाऊक नव्हतं. नंतर ते मिनिट लावायचा धीर आम्हा दोघांनाही झाला नाही. पण आहे, एवढं माहीत असलं की मला झोप लागायची. दुसरीकडं कुठं त्यांचा आवाजच नव्हता. कॅसेट नाही, लग्नाचा व्हिडिओ नाही, काही नाही.

आवाज गेल्यावर ते पाटीवर लिहून बोलायला लागले आणि कॉम्प्युटरवर गाडीच्या गेम खेळायला लागले. जन्मभर एसटी चालवलेला माणूस! पण आमच्या त्या जुन्या मशिनीवर गाडी चार हात जायची आणि थांबायची. ते पाटीवर लिहायचे, ‘क्लच गेलाय.’ मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

मग मी वही घेऊन सल्ला गोळा करायला निघाले. राजारामपुरीतली दुकानं पालथी घातली. एक म्हणाला, रॅम वाढवा. दुसरा म्हणाला, रॅमनं काय होतंय वैनी, ग्राफिक्स कार्ड घाला. तिसरा म्हणाला, नुसतं कार्ड घालाल तर पॉवर सप्लाय जळंल. सगळं लिहून घेतलं, पेपरातल्या पुरवण्यांशी ताडून बघितलं. शेवटी ज्या दुकानात काम दिलं, तिथला दुकानदार म्हणाला, “जुनी हार्ड डिस्क द्या, नवी मोठी बसवतो. तुमचं काय ठेवायचं असंल ते तेवढं काढून घ्या.”

आता आम्ही जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेली घेणाऱ्या बायका. द्यायच्या आधी साडीच्या घड्या झटकायच्या, गाठीला काही राहिलं नाही ना बघायचं, की झालं. मी तसंच केलं. पडद्यावर लेकीनं ‘बाबांचा आवाज’ नावाचं, दाबलं की आवाज लागेल असं छोटं चित्र करून ठेवलं होतं. ते उचललं, फ्लॉपीवर टाकलं. फ्लॉपीत नाव दिसलं. फ्लॉपी लोखंडी कपाटात दागिन्यांच्या डब्यात ठेवली, किल्ली कमरेला खोचली. डिस्क देऊन टाकली.

नवी मशीन आली. गाडी अशी पळायला लागली की ह्यांनी टाळ्या वाजवल्या. चौथ्या दिवशी ते शेजाऱ्यांबरोबर जोतिबाला गेले. घरी एकटी होते. म्हटलं, आवाज ह्या मशिनीत भरून ठेवावा. फ्लॉपी घातली, त्या नावावर दाबलं. पडद्यावर एक पेटलेली बॅटरी आली आणि इकडून तिकडं काहीतरी शोधत फिरायला लागली. शोधतेय, शोधतेय. मग म्हणाली, सापडत नाही.

शेजारची सून कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिला ओढत आणलं. तिनं त्या चित्राच्या कोपऱ्यातला छोटा बाण दाखवला.

“काकू, हा नुसता पत्ता हाय. माणूस जुन्या घरातच ऱ्हायला की.”

मी तशीच उठले. दुकानात फोन लावला.

“वैनी, ती डिस्क काल गडहिंग्लजला गेली. तिथल्या नेट कॅफेवाल्या बाई चार डिस्का घेऊन गेल्या.”

“पुसली का तुम्ही?”

“आम्ही न्हाय पुसली. पण त्या पुसणार की. गेम घालायच्यात त्यांना.”

कॅफेचा फोन कुणी उचलेना. होते तशी स्टँडवर गेले आणि एसटीत बसले. कागल गेलं, निपाणी गेली. प्रत्येक थांब्यावर वाटे, आत्ता पुसत असतील. म्हटलं, डोळे मिटून त्यांचा आवाज तरी आठवावा. आणि आठवेना गं! पंचवीस वर्षं कानावर पडलेला आवाज. पुढं ड्रायव्हर कंडक्टरवर ओरडत होता, तोच कानात भरला. तेव्हा मला जे भय वाटलं, तसं ऑपरेशनच्या दिवशीही वाटलं नव्हतं.

कॅफेवाली बाई माझ्याच वयाची, कपाळाला भस्म लावलेली. बोलता बोलता मध्येच कन्नड यायचं. माझं ऐकून म्हणाली, “अक्का, आधी पाणी प्या. चारातल्या दोन मी सकाळीच फॉरमॅट मारल्या. दोन ऱ्हायल्यात.”

“पुसलेल्यातली माझी असेल तर?”

तिनं उरलेल्या दोन पुढं ओढल्या. चारही डिस्का सारख्याच दिसणाऱ्या. तिनं तिसरी जोडली. कुठल्यातरी वकिलाचे कागद निघाले. चौथी जोडली. मशीन सुरू व्हायला वेळ घेत होती, एकामागून एक चौकटी येत होत्या, हे नवीन सापडलं, ते नवीन सापडलं. मी पदराचं टोक चावत उभी. चौकटी बाजूला झाल्या आणि मागं आमच्या पडद्यावर लावलेला माझ्या लेकीचा फोटो दिसला, पदवीच्या झग्यातला.

“हीच! हीच माझी!” मी ओरडले. पण एवढ्यावर सुटका नव्हती. फाइल सापडली, आणि बाई म्हणाली, “ह्या मशिनीत साउंड कार्ड न्हाय अक्का. वायरीतून त्या पलीकडच्या मशिनीत पाठवाय लागंल.”

“वायरीत मध्येच तुटला तर?”

“कॉपी जातीया. मूळ हितंच ऱ्हातंय. आणि हे चित्र न्हवं, खरी फाइल हाय. बघा, केवढी मोठी हाय.”

पलीकडं साखर कारखान्यातले दोघेजण ड्युटी सुटल्यावर एकमेकांवर बंदुका झाडत बसले होते. बाईनं एकाला उठवलं. तो कुरकुरला, “मावशी, तुमच्यापायी मेलो की मी! जिंकाय आलतो!”

“मर की घटकाभर,” बाई म्हणाली, “पुन्हा जिवंत हुतोयस न्हवं!”

पडद्यावरची कॉपीची पट्टी सरकत शेवटाला गेली. तिनं स्पीकर मोठा केला.

“झालं काय चालू? बोलू? काय बोलू?” मग लेकीचं हसणं. मग एकदम, डेपोत मारायचे तशी हाक, “अगं ए! गॅसवर दूध ठेवलंयस, उतू जातंय बघ की!” पुढं खुर्ची सरकल्याचा आवाज, पावलं, गॅसचं बटण बंद केल्याचा खट्ट. मिनिट संपलं.

त्या कारखानावाल्यानं खरंच मागं वळून बघितलं. “कुठाय दूध?”

मी रडत होते आणि हसतही होते. बाईनं दोन सीडी करून दिल्या, तिसरी स्वतःकडं ठेवली. “असू द्या अक्का, घर दूर हाय तुमचं.”

घरी आले तर ते गुलालानं माखलेले, काळजीनं दारात उभे. सगळं कबूल केलं. वाटलं, रागावतील. पाटीसुद्धा उचलली नाही. मी सीडी लावली. त्यांनी ऐकलं, आणि मग लिहिलं, ‘एवढ्या मोठ्यानं बोलत होतो मी?’

“व्हय. सगळी गल्ली उठायची.”

त्यांनी खाली लिहिलं, ‘परत लाव.’

पण माझं भय काही गेलं नाही गं. सीडीवर ओरखडा दिसला की लगेच लावून बघते. एक प्रत इथं आहे, एक लेकीकडं, एक गडहिंग्लजला. चौथी तुझ्याकडं ठेवायचीय. आजच दिली असती, पण सीडी रायटर दुरुस्तीला गेलाय आणि पोस्टानं पाठवायचा धीर होत नाही. तोवर तुझी जुनी डिस्क कुणाला देऊ नकोस, येताना घेऊन ये, दोघी मिळून बघू काय काय राहिलंय तिच्यात. फार दिवस लावू नकोस. ह्याच आठवड्यात ये, मुक्कामालाच ये.