दामूशेठ आणि कॉफीची बियर

काही माणसं आपल्या धंद्यापेक्षा मोठी असतात, असं मृत्युलेखांत वाचायला मिळतं. शीळफाट्याच्या अलीकडे बार चालवणारे दामूशेठ खरोखरच धंद्यापेक्षा मोठे होते. गल्ल्यामागच्या खुर्चीत मावत नसत, म्हणून दाराशी बाकड्यावर बसत. गळ्यात गावच्या कीर्तनकार बुवांनी घातलेली तुळशीची माळ. सगळं आयुष्य दारू विकण्यात गेलं, पण ती कधी चाखली नाही. मी एकदा नवल केलं तर म्हणाले, "मास्तर, सोनार काय सोना खातं?"

मी तेव्हा कल्याणच्या एका कॉलेजात शिकवत असे आणि शनिवारी तिथे एक बियर घेत असे. शेठ मला अरेतुरे करत. आगरी माणूस विठोबालाही अरेतुरे करतो, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

मग पूल झाला. गाड्या बारच्या डोक्यावरून जाऊ लागल्या. जुनी गिऱ्हाइकं एकेक करून कमी झाली, काही डॉक्टरच्या सल्ल्याने, काही त्याआधीच. गावातली पोरं ठाण्याला जात, कॉफीच्या चवीची काळी स्टाउट बियर प्यायला. शेठच्या मुलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली: नाही चाललं तर बार बंद, जागा भाड्याने. "भारा खाऊन बसाचा," शेठ म्हणाले, "म्हंजे जित्तेपनी भिंतीवरचा फोटू व्हाचा."

त्यांनी त्या काळ्या बियरचे डबे मागवले. स्वतः पिणं शक्य नव्हतं, म्हणून चाखायला आम्ही दोघं: मी, आणि बार उघडल्यापासून तिथे वेटर असलेला देवगडकडचा सदा.

"सांग, कशी लागतं?"

"भाजलेल्या कॉफीसारखी," मी म्हणालो. "मागून जरा करपल्यासारखी. कडूपणा उशिरा येतो."

"करपलेली? आयशीनं भात करपवला त बापूस ताट फेकाचा. आन ही पोरा करपलेला प्यावाला ठाण्याला जातान?" क्षणभर विचार करून म्हणाले, "आपुन सुदारू तिला."

सुधारणा म्हणजे तिच्यात दुसरी दारू मिसळणं. व्हिस्की घातली तर ती खोकल्याच्या औषधासारखी लागली. व्होडका घातल्याने फक्त चढायची घाई झाली. रम मात्र जमली. रमचा गुळचटपणा कॉफीच्या कडूपणाशी बऱ्यापैकी नांदला. तिथे थांबायला हवं होतं. पण शेठकडे होतं फक्त नाक. ग्लास नाकाशी धरून ते म्हणत, "वास नाय येत," आणि रम वाढवत. पुढे त्यात काजूची फेणी आली, वेलचीही आली. वास खरंच इतका सुरेख झाला, की तो घेऊन माणसाने ग्लास खाली ठेवावा.

"शेठ, नुसत्या रमवर थांबा," मी म्हणालो.

"तुजी पुस्तकातली चव, मास्तर. सदा, तू बोल."

"एक नंबर, शेठ," सदा म्हणाला. भाचे, पुतणे, शेजारचा गॅरेजवाला, सगळे हेच म्हणाले.

फाट्यावर बॅनर लागला. हात जोडलेले शेठ, खाली काळ्या चष्म्यातले शुभेच्छुक, आणि कोपऱ्यात उरलेल्या जागेत तो ग्लास. पोरं आली. त्यांनी बॅनरखाली फोटो काढले, एकेक घोट घेतला आणि साधी बियर मागवली. दुसरा ग्लास कोणी मागितला नाही. पुढच्या आठवड्यात पोरंही आली नाहीत.

दसऱ्यानंतरच्या एका दुपारी बारमध्ये आम्ही तिघंच होतो. शेठ बाकड्यावरून उठले आणि गळ्यातली माळ काढली. माझ्यापुढे धरली, मग माझ्या हातातला ग्लास पाहून हात मागे घेतला. "सदा, हात धून ये." सदाने साबण लावून हात धुतले आणि ओंजळीत माळ घेतली.

शेठनी स्वतःच मिश्रण केलं आणि घोट घेतला. चेहरा आक्रसला. पुन्हा घेतला. कडूपणा उशिरा येतो असं मीच सांगितलं होतं. बहुधा चांगली चव त्याच्याही मागून येईल या आशेवर ते पीत राहिले.

"सदा, ही चव तुना आवरली व्हती?"

सदा माळेकडे बघत राहिला. माळ हातात असताना त्याला खोटं बोलता येईना. "नाय, शेठ."

"मंग सांगलास क्याला नाय?"

"तुमी विचारायचात किती आशेन."

शेठनी ग्लास खाली ठेवला. मग म्हणाले, "आता बुवा इचारतील, गल्यातली माल क्याला काडलीस? धंद्यासाठी काडली, आसा सांगन. चव बरी आसती, त येवरी लाज नसती वाटली."

बार दिवाळीआधीच बंद झाला. सदा गावी गेला. शेठनी बुवांकडून पुन्हा माळ घातली, पण बाकडं घरी नेलं नाही, आणि घरात कुठे बसावं ते त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

दहाव्याला सदा देवगडहून आला होता. बुवांनी प्रवचनात सांगितलं, की चिखलात राहून कमळाने पाणी लावून घेऊ नये, तसे आमचे शेठ. उभ्या जन्मात त्यांच्या ओठाला थेंब लागला नाही. शेकडो माणसांनी माना डोलावल्या. सदाने माझ्याकडे पाहिलं. मीही मान डोलावली.

मग पंगत बसली. आमटीत मीठ नव्हतं. सगळ्यांनी छान झाली म्हणून सांगितलं.