व्हिएतनामवरचं व्याख्यान

इंदू मुळे नगरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायच्या. लग्न केलेलं नव्हतं, घरी अंथरुणाला खिळलेले वडील. शिवाय गावातल्या नागरिक सभेच्या ‘जागतिक घडामोडी’ शाखेचं काम त्यांच्या गळ्यात पडलेलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी सभासदांसाठी व्याख्यान ठेवायचं. वक्ता पुण्याहून आणायचा, त्याला स्टँडवरून आणायला जायचं, सतरंज्या झाडायच्या, नकाशा टांगायचा, आणि शेवटी आभारही आपणच मानायचे. बोलावूनही माणसं यायची नाहीत. आली तर पेंगायची.

एकाहत्तरच्या डिसेंबरात युद्ध झालं, तेव्हा मात्र सभागृहात पाय ठेवायला जागा उरली नाही. बांगलादेशवरच्या व्याख्यानाला लोक खिडक्यांबाहेर उभे होते. इंदूताईंना वाटलं, चला, शाखेला आता बरे दिवस आले. दोन महिन्यांत पुन्हा तीच गत झाली. नेहमीची सात-आठ डोकी, आणि मागच्या भिंतीशी पदर घट्ट लपेटून बसलेली एक खेडवळ बाई.

ती कडूबाई. नेवाशाच्या रस्त्यावरच्या एका वाडीतून एसटीने यायची. युद्धाच्या वेळी गावातल्या कुणाबरोबर पहिल्यांदा आली ती येतच राहिली. एकदा व्याख्यान संपल्यावर ती नकाशाजवळ गेली.

“बाई, ह्यात छांब कुठं हाय?”

इंदूताईंनी जम्मूच्या सीमेवर बोट ठेवून दाखवलं. कडूबाई बराच वेळ त्या ठिकाणाकडे बघत राहिली. तिचा फौजेतला मुलगा मच्छिंद्र तिथल्या लढाईत बेपत्ता झाला होता. मेला असं कुणी म्हणत नव्हतं, जिवंत आहे असंही नाही. त्याच्या पलटणीतल्या एकाने मात्र सांगितलं होतं, काहीजण पलीकडे धरले गेले असावेत. तेवढ्यावर ती येत होती. अमेरिका-चीनच्या सलगीवर बोलणं चालू असो की अरबांच्या तेलावर, कडूबाई शेवटपर्यंत बसायची. कैद्यांचा विषय कधी ना कधी निघेल, एवढीच तिची आशा.

काही सभासदांना ते खटकू लागलं. कार्यक्रम सभासदांसाठी आहे, दारातून कुणीही येऊन बसायला हा बाजार नव्हे, असं अध्यक्ष शामकांत बोऱ्हाडे बैठकीत म्हणाले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा पक्का होता. इंदूताईंना वाद घालायचं त्राण नव्हतं. आदल्या रात्री वडिलांनी झोपू दिलं नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मग त्यांना सभासद करून घ्या. मनापासून ऐकणारं तेवढं एकच माणूस येतं आपल्याकडे.” कडूबाई सभासद झाली.

जुलैत सिमल्याला करार झाला, तेव्हा तिने विचारलं, आता सोडतील का? इंदूताई म्हणाल्या, सोडतील. पण वेळ लागेल.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. जिल्हाभर दुष्काळी कामं निघाली. कडूबाई आठवडाभर खडी फोडायची आणि व्याख्यानाच्या शनिवारी हाताला चिंध्या बांधून यायची. डिसेंबर उजाडला. पश्चिम सीमेवर धरलेले दोन्हीकडचे कैदी सुटल्याची बातमी रेडिओवर आली. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर इंदूताई सैनिकांच्या कुटुंबांची कामं पाहणाऱ्या कचेरीत गेल्या. सुटून आलेल्यांत मच्छिंद्र नव्हता. आणखी कुणी मागे राहिलंय का, हे तिथल्या कारकुनांना सांगता येईना.

तिथून त्या थेट एसटी स्टँडवर जाऊन थांबल्या. सभागृहात, लोकांसमोर हे सांगणं त्यांना नको होतं. कडूबाई गाडीतून उतरली, आणि इंदूताईंना तिथे पाहून समजायचं ते समजली. दोघी बाकड्यावर बसल्या. इंदूताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं. कडूबाई रडली नाही. हाताच्या चिंध्या सोडून तिने पुन्हा नीट बांधल्या.

“आज काय हाय?” मग तिने विचारलं.

“व्हिएतनाम.”

“तिथंबी लढाई हाय का?”

“आहे. किती वर्षं झाली.”

“मंग तिथंबी कुनाची पोरं अडकली असतील.”

“असतील.”

“चला,” असं म्हणून ती उठली.

त्या दिवशी पाचच माणसं होती. वक्ता पुण्याचा प्राध्यापक, चांगलं बोलला. प्रश्नांच्या वेळी कुणी हात वर केला नाही, तेव्हा कडूबाई उठली आणि तिकडच्या कैद्यांच्या घरी कुणी काही कळवतं का, असं तिने विचारलं. याची आपल्याला माहिती नाही, असं प्राध्यापकाने सरळ सांगितलं. कडूबाई मान हलवून खाली बसली.

उन्हाळ्यात खडीचं काम लांबच्या तलावावर गेलं आणि तिचं येणं बंद झालं. इंदूताईंनी आणखी वर्षभर शाखा ओढली. वडील गेल्यावर त्यांनी काम सोडलं. दुसरं कुणी पुढे आलं नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी आता सभागृहात शिवणवर्ग भरू लागला, आणि त्याला गर्दी चांगली व्हायची.