तुरुंग त्याच शहरात

शेजारी नूर नावाची परदेशी विद्यार्थिनी राहायची. तिच्या देशातल्या हुकूमशहाने तिच्या भावाला भिंतीवर घोषणा लिहिली म्हणून तुरुंगात डांबलं होतं. एका सकाळी आमच्या टीव्हीवर दिसलं, की परक्या देशाची विमानं तिच्या राजधानीवर बॉम्ब टाकताहेत.

मी आनंदाने म्हणाले, "आता सुटेल गं तुझा भाऊ!"

तिने माझं मनगट घट्ट धरलं. मोडक्या मराठीत म्हणाली, "काकू, तुरुंग त्याच शहरात आहे."

"मग त्यांनी येऊच नये का?"

"यावं," ती म्हणाली. पडद्यावर एक इमारत कोसळली. "नको, नको!"

अन्यायाविरुद्ध कुणीतरी धावून यावं, असं मला नेहमी वाटायचं. येणारा काय घेऊन येतो, हे कधी मनात आलं नव्हतं.

चार दिवसांनी फोन लागला. भाऊ वाचला होता. शेजारच्या कोठडीतलं कुणीच उरलं नव्हतं. नूर खूप रडली. कुणासाठी, ते मी विचारलं नाही.