कोऱ्या जनरेटरचं वय

गणेशोत्सवात बालनाट्य ऐन रंगात आलेलं असताना वीज गेली. पिपलानी या कारखान्याच्या वसाहतीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या सभागृहात हे नवीन नव्हतं. चौकीदारानं मागच्या दाराशी ठेवलेला जनरेटर दोरी ओढून सुरू केला, दिवे लागले, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण थोड्याच वेळात इंजिनातून कर्रकन् आवाज आला आणि पुन्हा अंधार. दोरी ओढावी तर ती जागची हलेना. उंदरांच्या शेपट्या लावलेली मुलं रंगमंचावर रडायला लागली. आणि आमच्या अध्यक्षांनी, कारखान्यातल्या इतक्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसानं, टॉर्चच्या उजेडात सगळ्यांसमोर चौकीदाराची कॉलर धरली.

"बिना ऑइल के चला दिया ना? जानवर कहीं का!"

"डाला था साहब. देख के डाला था," तो म्हणत राहिला. कुणी ऐकलं नाही.

हा माणूस रायसेनकडचा. सभागृहामागच्या खोलीत बायकोबरोबर राहायचा. सतरंज्या घालणं, खुर्च्या मोजून परत लावणं, पाण्याची पिंपं भरणं, सगळं तोच करायचा. इतक्या वर्षांत त्याला मराठी चांगली समजायला लागली होती, म्हणजे त्याच्याबद्दल जे जे बोललं जायचं तेही समजत होतं. उत्सव संपायच्या आत त्याला खोली रिकामी करायला सांगितलं.

मी मंडळाच्या कार्यकारिणीवर होते. कारखान्यात मी मोटरच्या विभागात इंजिनिअर होते. माझ्या हाताखाली माणसं होती, आणि जळालेली मोटर का जळाली हे शोधून त्याखाली सही करणं हे माझं रोजचं काम होतं. मंडळात मात्र मी 'वहिनी'. माझ्याकडे प्रसाद आणि हळदीकुंकू.

बैठकीत मी म्हटलं, "त्या माणसाला काढण्याआधी इंजिन तरी उघडून बघू या."

अध्यक्ष हसले. "वहिनी, त्यात बघायचं काय? कोरं करकरीत मशीन वर्षभरात खलास केलं त्यानं. उद्या भंगारवाला येईल."

ते कोरं मशीन आम्हाला आदल्या वर्षी एका ठेकेदारानं दिलं होतं. वसाहतीत त्याची बरीच कामं चालायची. शाल, श्रीफळ, हार, अध्यक्षांचं लांबलचक भाषण, सगळं झालं होतं.

"मग भंगारात जाण्याआधी मी नेते," मी म्हटलं.

"न्या की. तुमच्या ह्यांना बघू दे."

आमचे हे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवत. स्कूटरचा प्लग बदलायचा झाला तरी मला हाक मारत. हे अध्यक्षांना पक्कं ठाऊक होतं.

रविवारी सकाळी मागच्या व्हरांड्यात गोणपाट अंथरलं आणि बसले. पहिल्यांदा खालचा बोल्ट काढून तेल तसराळ्यात सोडलं. काळंकुट्ट होतं, पण पुरेपूर होतं. मग तळाचं झाकण खोललं. तेलाशिवाय चाललेल्या इंजिनात खालच्या बेअरिंगवर निळसर डाग पडतात, ओरखडे येतात. इथं बेअरिंग आरशासारखं लखलखीत. माणूस खरं बोलत होता. हे बघायला तसराळं आणि पाना एवढंच लागलं, आणि तेवढेही कष्ट कुणी घेतले नव्हते.

मग वरचं झाकण काढलं. पिस्टन सिलिंडरमध्ये घट्ट अडकला होता. लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत तो बाहेर काढला, तर पिस्टनभोवतीची वरची रिंग तुटलेली आणि तिचा तुकडा पाचरीसारखा रुतलेला. सिलिंडरमध्ये बोट फिरवलं तर वरच्या काठाशी चांगली उंच कड लागली. इंजिन वर्षानुवर्षं चाललं की आतली भिंत झिजते आणि वर, रिंग पोचत नाही तिथं, अशी कड उरते. ती न काढता कुणी नवी रिंग घातली, तर ती त्या कडेवर आपटत राहते आणि एक दिवस तुटते. इथं नेमकं तेच झालं होतं. पण वर्षभराच्या मशीनमध्ये एवढी झीज आली कुठून?

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी रॉकेलनं पुसली. खाली आकडा ठोकलेला निघाला. कारखान्यातून नवीन येणाऱ्या पिस्टनवर तो नसतो. सिलिंडर झिजल्यावर लेथवर मोठा करून घेतात आणि त्यात जाडा पिस्टन बसवतात, त्याचा तो आकडा. म्हणजे हे इंजिन एकदा पूर्ण झिजलं होतं, दुरुस्त झालं होतं, आणि पुन्हा झिजलं होतं.

मग माझं डोकं फिरलं. मी पॉलिश पेपर घेऊन निळा रंग घासला. खाली हिरवा. हिरव्याखाली आणखी एक, विटकरी. नंबरपट्टीच्या जागी नुसती दोन भोकं, वरून पुट्टी भरलेली. पण ओतकामातली खूण काढून टाकायचं रंग देणाऱ्या हुशार माणसाला सुचलं नव्हतं. पंख्याचं पत्र्याचं आवरण काढल्यावर इंजिनच्या अंगावर नाण्याएवढं वर्तुळ दिसलं, त्यात वर्षाचे आकडे, भोवती महिन्यांचे ठिपके. मी दोनदा पुसून पाहिलं. त्या वर्षी मी ग्वाल्हेरला आठवीत होते.

मी आठवीत असल्यापासून धावत असलेलं यंत्र कोरं म्हणून देणाऱ्याला शाल, आणि त्यात तेल घालणाऱ्याला जानवर!

पुढच्या बैठकीत मी पिस्टन आणि तुटकी रिंग टेबलावर ठेवली. सगळं समजावून सांगितलं. बसलेल्यांत निम्मे इंजिनिअर होते, त्यांना समजावायची गरजही नव्हती. त्यांनी पिस्टन हातात घेऊन फिरवला आणि शेजारच्याकडे सरकवला.

अध्यक्ष म्हणाले, "दान आहे हो ते. दानाच्या गाईचे दात मोजायचे नसतात."

"मी दात मोजत नाही. गाईनं दूध दिलं नाही म्हणून तुम्ही गुराख्याला हाकललंत, त्याचं काय?"

"हे बघा, तुमच्या ग्वाल्हेरी मराठीत बोलायला ठीक आहे, पण मंडळाची प्रतिष्ठा असते. त्याला सांगा परत ये म्हणून. झालं गेलं विसरून जाऊ."

कुणाचं झालं आणि कुणी विसरायचं!

तरी मी गेले. चौकीदार जवळच्या अवधपुरी वस्तीत एका अर्धवट बांधलेल्या घरावर राखणीला होता, सिमेंटच्या पोत्यांशेजारी ताडपत्री बांधून. त्याच्या बायकोनं मला उलट्या बादलीवर बसवलं आणि चहा दिला. मी त्याला रिंगचा तुकडा दाखवला. त्यानं तो तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिला.

"मतलब मेरी गलती नहीं थी?"

"नहीं."

"मुझे तो मालूम था, बहनजी. अब साहब को भी मालूम है?"

"है. वो बुला रहे हैं आपको."

त्यानं मान हलवली. "सबके सामने कॉलर पकड़ी थी. सबके सामने बोलें. फिर देखेंगे."

मला त्याचं म्हणणं शंभर टक्के पटलं. गोविंदपुऱ्यातल्या एका लेथवर सिलिंडर आणखी एक माप मोठा करून घेतला, पिस्टन-रिंगा नव्या बसवल्या. जनरेटर पहिल्या दोन झटक्यांत सुरू झाला, तेव्हा आमच्या ह्यांनी व्हरांड्यात येऊन मनापासून टाळ्या वाजवल्या. मी तो बंद केला आणि आतल्या खोलीत ठेवला.

दिवाळीच्या कार्यक्रमाआधी अध्यक्ष स्वतः घरी आले. "वहिनी, कमाल केलीत! पाठवून द्या."

"कार्यक्रमात तुम्ही त्याची माफी मागणार असाल, तर लगेच पाठवते."

ते लालबुंद झाले. मला हट्टी म्हणाले, राजकारण करते म्हणाले. ह्यांच्याकडे वळून म्हणाले, "सर, तुम्ही तरी समजवा."

हे म्हणाले, "मला इंजिनातलं काही कळत नाही."

शेवटी ते तयार झाले. कार्यक्रमाला सभागृह भरलं होतं. चौकीदार बायकोला घेऊन आला होता, इस्त्रीचा सदरा घालून, भिंतीशी उभा. अध्यक्षांनी सूत्रसंचालनाच्या ओघात, मराठीत, "मागे जरा गैरसमज झाला होता" असं म्हटलं आणि पुढच्या गाण्याकडे वळले. मी उठून उभी राहिले.

"साहेब, शिवी हिंदीत दिली होती. हेही हिंदीतच सांगा. आणि पूर्ण सांगा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. कुणीतरी मागून "अहो, बसा" म्हणालं. मी बसले नाही. मग अध्यक्षांनी माईक पुन्हा हातात घेतला. "तेल डाला था उसने. गलती उसकी नहीं थी. मुझे हाथ नहीं लगाना चाहिए था. माफ करना, भैया."

चौकीदार म्हणाला, "ठीक है, साहब." बायकोनं डोक्यावरचा पदर सारखा केला. दोघं गाणं संपेपर्यंत थांबले आणि अवधपुरीला निघून गेले. खोली त्यानं पुन्हा घेतली नाही.

ठेकेदाराला कुणी कधी जाब विचारला नाही. पुढच्या उत्सवात तो पहिल्या रांगेत होता, आणि त्याला गुच्छ द्यायला कार्यकारिणीनं माझं नाव सुचवलं होतं. मी त्याच दिवशी राजीनामा दिला. तेव्हाचे लोक अजून भेटतात, हसून म्हणतात, "तुम्ही त्या वेळी फारच ताणलंत हं." मला मात्र वाटतं, मी कमी ताणलं. त्या ठेकेदारालाही भर सभेत उभं करायला हवं होतं.