एका वाटीत अकरा स्टॉप

घरात मला लहानपणापासून रेडिओ म्हणतात. हा कोणी बटण न दाबता सुरू होतो आणि बंद करायचं बटण याला दिलेलंच नाही, असं माझ्या ताईचं म्हणणं. आता मी पन्नाशी ओलांडली, डोक्यावरचे केस मोजायला बसलात तर चहा निवायच्या आत मोजून होतील, आणि गेली सव्वीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासतो. पुढे मालक आणि गिऱ्हाइकं, मागे मी आणि मशीन. फ्रेमच्या मापाला काच घासताना मशीन एवढं किंचाळतं की त्याला माझं बोलणं ऐकू जाणं शक्यच नाही. तरी मी त्याच्याशी बोलतो.

अशा माणसापुढे एक दिवस कोणीतरी टेपरेकॉर्डर ठेवला.

ती बाई चष्म्याच्या दांडीचा पडलेला स्क्रू बसवायला आली होती. नाटक कंपनीत होती. त्यांची कंपनी तयार नाटकं घेत नाही. आधी महिनोन्महिने खऱ्या माणसांकडे जाऊन त्यांचं बोलणं टेप करायचं, मग त्यातून नाटक उभं करायचं आणि त्या माणसांच्याच शब्दांना चाली लावून गाणी करायची. या खेपेला विषय होता, घरच्या घरी आजारी माणसाचं करणारे लोक. स्क्रू बसवता बसवता मी सहज बोलून गेलो, "आमचे वडील आठ महिने अंथरुणाला खिळून होते." तिने कान टवकारले. मी आणखी दोन वाक्यं बोललो, तशी ती म्हणाली, "तुम्ही फार छान बोलता हो."

सव्वीस वर्षांत मला हे कोणी म्हटलं नव्हतं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि वर मांडी घालून बसलो.

आमचे बाबा बस कंडक्टर. एकोणतीस वर्षं एकच मार्ग. निवृत्त होऊन दोन वर्षं होतात न होतात तोच अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. भरवायला गेलं की दात घट्ट मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, आठवड्याभरात खाल्लं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. तेव्हा एका संध्याकाळी ताईने चमचा वाटीवर दोनदा वाजवला. एक घंटा म्हणजे गाडी थांबवा, दोन म्हणजे सोडा, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलं गेलं होतं. मग तिने बाबांच्या मार्गावरचा पहिला स्टॉप पुकारला, "टाकी!" बाबांनी तोंड उघडलं. "बाजार!" दुसरा चमचा गेला. "शाळा! पूल! कोर्ट!" अकरा स्टॉप, अकरा चमचे. मध्येच त्यांनी तोंड मिटलं की ती म्हणायची, "गर्दी आहे, उतरू दे लोकांना." शेवटचा स्टॉप डेपो. तो ती एवढ्या मोठ्याने ओरडायची की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागायचं. बाबांना भूक असली तर परतीची फेरीही व्हायची. नळी शेवटपर्यंत लागली नाही.

हे सगळं ताईने केलं. पहिल्या दिवशी मी टेपवर ताईचंच नाव सांगितलं, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा.

पण मग टेपवाल्या बाईंनी विचारलं, "आणि तुम्ही काय करायचात?"

खरं उत्तर असं होतं. मी दुकानातून साडेसहाला घरी यायचो, हातपाय धुवायचो आणि आतल्या खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचो. हातात दुकानातून आणलेली एखादी फ्रेम असायची. विचारलं कोणी तर काम चाललंय म्हणायला. एकच स्क्रू मी आठ महिने आवळला. आत जायचं माझं धाडस होत नव्हतं. धावत्या बसच्या दारात एका हाताने लटकून उभे राहणारे बाबा मी पाहिले होते. त्यांच्या हनुवटीवरून ओघळणारं जेवण मला बघवत नव्हतं. ताईला मात्र बघवत असणार, असं मी गृहीत धरलं होतं. ती दिवसभर लोकांच्या पँटी आखूड करायची, बाह्या कमी करायची, आणि संध्याकाळी बाबांची बस चालवायची. आम्ही दोघं अजून त्याच घरात राहतो. तिने लग्न केलं नाही. मी केलं, ते टिकलं नाही, आणि त्याचं कारण रेडिओच आहे असं ताई छातीठोकपणे सांगते.

टेपरेकॉर्डरवरचा लाल दिवा माझ्याकडे बघत होता. "मी पण भरवायचो," मी म्हणालो. "कधीकधी."

बाईंचे डोळे चमकले. मुलगा बापाला भरवतो, असं त्यांना आतापर्यंत कोणी सांगितलं नव्हतं म्हणे. पुढच्या आठवड्यात त्या पुन्हा आल्या. तेव्हा मी दिवसाआड भरवत होतो. तिसऱ्या खेपेला मी रोज भरवत होतो आणि ताई शिवणकामात फार गुंतलेली असायची. चौथ्या खेपेला स्टॉप पुकारायची युक्ती मला सुचली होती. बाईंनी डोळे पुसले. खरं सांगतो, मीही पुसले. स्वतःच्या चांगुलपणाने मला एवढं गहिवरून कधीच आलं नव्हतं.

मग पत्र आलं. कंपनीत एक पद्धत होती. पहिली पूर्ण तालीम तिकीटवाल्या प्रेक्षकांपुढे नाही, ज्यांचं बोलणं टेप केलं त्यांच्यापुढे करायची. "सोबत घरातलं एक माणूस आणावं." पत्र ताईने उघडलं, कारण आमच्याकडे पत्रं तीच उघडते.

माझी पाचावर धारण बसली. नाटक कंटाळवाणं आहे म्हणालो. खुर्च्या लोखंडी आहेत म्हणालो, तुझी कंबर धरेल. हॉल लांब आहे म्हणालो.

"तुझ्या बोलण्यावर गाणं केलंय लोकांनी," ताई म्हणाली. "मी आयुष्यभर फुकट ऐकलं. आता चालीत ऐकते." आणि तिने एका गिऱ्हाइकाला पँटीसाठी चक्क परवा या म्हणून सांगितलं. ताई असं कधी करत नाही.

तालीम एका जुन्या गोदामात होती. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीने खोल्या आखल्या होत्या. दारासाठी दोन पट्ट्या, पलंगासाठी चार. आम्ही वीसेक जण लोखंडी खुर्च्यांवर (याबाबतीत तरी मी खोटं बोललो नव्हतो). दर दोघांत एक दाबायची घंटा दिली होती, काउंटरवर असते तशी. दिग्दर्शक म्हणाला, "हे तुमचं आयुष्य आहे. खोटं वाटलं की वाजवा. आम्ही थांबू, विचारू, सुधारू." आमची घंटा माझ्या मांडीवर होती. मी तिच्यावर दोन्ही हात ठेवून बसलो, कोंबडी अंड्यावर बसते तसा.

सुरुवातीला लोकांना मजा वाटली. एका निवृत्त नर्सबाईंनी तीनदा वाजवली, कारण नटी ताप बघताना थर्मामीटर झटकायला विसरत होती. एका आजोबांनी वाजवून सांगितलं, "माझी बायको एवढं गोड बोलायची नाही." सगळे हसले. आजोबा हसले नाहीत.

मग माझा प्रवेश आला. माझं काम करणारा नट उंच होता आणि त्याच्या डोक्यावर माझ्या सात पिढ्यांना पुरतील एवढे केस होते. चिकटपट्टीच्या पलंगावर एक म्हातारा नट पडला होता. उंच नटाने वाटीवर दोनदा चमचा वाजवला आणि गायला लागला. "टाकी!" मागे पेटीवर सूर धरला होता.

मी ताईकडे बघायचं नाही असं ठरवलं आणि लगेच बघितलं. तिचे ओठ हलत होते. टाकी, बाजार. ती त्याच्याबरोबर स्टॉप म्हणत होती. सुरुवातीला तिला कळलंच नसावं. मग कळलं. ओठ थांबले. ती माझ्याकडे वळली नाही, फक्त बॅगेचा पट्टा हातात घट्ट धरला.

नट गात होता, "पूल! शाळा!"

ताईने माझे हात बाजूला केले आणि घंटा दाबली.

पेटी थांबली. मी खुर्चीच्या कडेला सरकलो. पळायचं झालं तर दार कुठे आहे तेही बघून ठेवलं.

"शाळा आधी," ताई म्हणाली. "पूल नंतर."

दिग्दर्शकाने कागद चाळले. "टेपवर आधी पूल आहे, मावशी. काकांनीच सांगितलंय."

"त्याची गल्लत झाली असेल. दमून यायचा ना दुकानातून."

एवढंच. ती पुन्हा नीट बसली आणि समोर बघू लागली. तिने मला एवढ्या लोकांत झाकून घेतलं होतं. त्या क्षणी मला जी लाज वाटली ती मी इथे लिहून दाखवू शकत नाही, मी आधी प्रयत्न करून पाहिला आहे. मी घंटा दाबली. नीट वाजली नाही. पुन्हा दाबली.

"हे तिने केलं," मी म्हणालो. "सगळं तिने. मी दाराबाहेर बसायचो. बाहेरूनच ऐकायचो, म्हणून स्टॉप चुकले."

टेपवाल्या बाईंनी चष्मा काढला. दांडीचा स्क्रू मीच बसवलेला होता. आजोबा मागे वळून माझ्याकडे बघत होते. दिग्दर्शकाने शांतपणे दहा मिनिटं सुट्टी जाहीर केली.

परत येताना ताई माझ्या पुढे चालत होती. कोपऱ्यावरच्या सिग्नलपाशी थांबलो तेव्हा म्हणाली, "चोरलंस ते चोरलंस. निदान स्टॉप तरी बरोबर चोरायचेस."

मी हसायला तोंड उघडलं, पण तिचं बोलणं संपलं नव्हतं.

"डेपो मी एवढ्या जोरात का ओरडायचे, त्याचं काय सांगितलंस?"

"बाबांना कमी ऐकू यायचं म्हणून."

"बाबांना टाचणी पडली तरी ऐकू यायची. ते तुझ्यासाठी होतं. शेवटचा चमचा भरून मी हातात धरून थांबायचे. रोज. म्हटलं, आज येईल. एक चमचा तरी त्याच्या हातचा जाऊ दे त्यांच्या पोटात."

"मग?"

"मग काय, गार व्हायचा. मीच भरवायचे."

सिग्नल हिरवा झाला, आम्ही रस्ता ओलांडला. घरापर्यंत मी एक शब्द बोललो नाही. दारात किल्ली लावताना ताईने मला विचारलंसुद्धा, बरं वाटत नाहीये का म्हणून.

दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन टेपवाल्या बाईंकडे गेलो आणि सगळं पुन्हा सांगितलं. खुर्ची, फ्रेम, स्क्रू, डेपो, गार झालेला चमचा. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही आणि छान बोलता असंही म्हणाल्या नाहीत.

तीन आठवड्यांनी दुसरी तालीम झाली. ताईने पुन्हा एका पँटीला परवाचा वायदा केला. आता गाणं एक नटी गात होती आणि उंच नट चिकटपट्टीच्या दाराबाहेर खुर्चीवर बसून स्क्रू आवळत होता. शाळा आधी, पूल नंतर, सगळं जिथल्या तिथे. ताई मान डोलवत होती. मग नटी ओरडली, "डेपो!"

नटाने फ्रेम खाली ठेवली. उठला. दार ओलांडून आत गेला, नटीच्या हातातून चमचा घेतला आणि वडिलांना भरवला. म्हाताऱ्या नटाने तोंड उघडलं, गिळलं आणि डावा हात त्याच्या गालावर ठेवला.

गोदामात नाकं ओढल्याचे आवाज येऊ लागले. नर्सबाई उघड रडत होत्या. मीही रडत होतो. मला ते इतकं आवडलं की मी घंटेवरचा हात काढून खिशात घातला. राहू दे, मी मनात म्हटलं. निदान या गोदामात तरी मी आत गेलेला असू दे. कोणाचं काय जातंय?

मग ताईकडे बघितलं. ती रडत नव्हती. ती त्या चमच्याकडे बघत होती, आणि आठ महिने रोज संध्याकाळी दाराकडे बघताना तिचा चेहरा कसा दिसत असेल ते मला दिसलं.

मी हात खिशातून काढला आणि घंटा दाबली. एकदा.

"मी आत गेलो नव्हतो," मी म्हणालो. "एकदाही नाही. त्याला बाहेरच बसू दे."

दिग्दर्शक पुढे आला. "काका, मग शेवटचा चमचा?"

"तिनेच भरवला. गार झाल्यावर."

उंच नट चमचा हातात घेऊन तसाच उभा होता, कुठे जावं ते न कळून. पेटीवाल्याचे हात सुरांवर थांबले होते. मला वाटलं, आपण सगळ्यांच्या नाटकाचा विचका केला.

ताईने माझ्या मांडीवरची घंटा उचलून आपल्या मांडीवर घेतली. तिने माझा डावा हात ओढून आपल्या हातात धरला आणि दुसऱ्या हाताने घंटा वाजवली, दोनदा.

"चला," ती म्हणाली. "सोडा गाडी."