हत्यारखान्याचं माप

हत्यारखाना पाडण्याआधी त्याचं माप घ्यायला जी माणसं आली, त्यांच्या टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. आपणहून धरलं.

लालबागला आमच्या चाळीसमोर साहेबाच्या काळातली ती काळ्या दगडाची इमारत होती. वर गजांच्या चिंचोळ्या खिडक्या, खाली लोखंडी पट्ट्यांचं दार. बंदुका दुसऱ्या महायुद्धानंतर कधीच हलवल्या होत्या. त्या उभ्या करायच्या लाकडी घोड्या तेवढ्या भिंतीला राहिल्या, आणि त्या घोड्यांवर पहारा करायला मालवणकडचे एक म्हातारे हवालदार. कोपऱ्यातल्या खोलीत ते आणि त्यांची बायको राहायची. दुसरं घर त्यांना नव्हतं. गावचं भावांनी कधीच गिळलं होतं.

खंडेनवमीला हवालदारबुवा त्या घोड्यांची पूजा मांडायचे. बंदुका नाहीत तर नाहीत! गल्लीतल्या प्रत्येकानं आपापलं हत्यार आणून खाचेत उभं करायचं. धोटा, पाना, करवत, आमच्या आईची विळी. मी गिरणीच्या ऑफिसात कारकून, म्हणून माझा टाक. तो खाचेतून दरवर्षी खाली पडायचा.

"ह्याच्यान शत्रू मरूचो नाय रे," हवालदारबुवा म्हणायचे. "गुदगुल्यो मात्र होतीत."

संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबई पेटली होती तेव्हा, गोळीबाराच्या दिवशी, याच माणसानं दार उघडून अख्खी गल्ली आत घेतली. बाहेर शिट्ट्या आणि धावणारे बूट. आत आयांनी पोरांच्या तोंडावर हात दाबलेले. दारावर दंडुका आपटला, तशी हवालदारबुवांनी आतून पलटणीतली गर्जना केली, "सरकारी शस्त्रागार! हुकूम दिखाव!" बूट थोडा वेळ थांबले आणि निघून गेले.

त्यानंतर रोज संध्याकाळी कोपऱ्यावर एक जीप येऊन उभी राहायला लागली. तिच्यातून कुणी उतरत नसे. दिवे लागले की निघून जायची.

मला त्याचं काही वाटलं नाही. मी मंडपाच्या गडबडीत होतो. त्या वर्षी खंडेनवमीचा मंडप माझ्याकडे आला होता आणि डेकोरेटरला माप घ्यायला मीच बोलावलं होतं. त्यामुळे तिघे जण टेप घेऊन आले, तेव्हा ते डेकोरेटरचेच, यात मला तिळमात्र शंका नव्हती. अंगात साधे सदरे. पायांत मात्र तिघांच्याही एकसारखे काळे बूट. ते बघून मी मनात म्हटलं, वा, धंदा बरा चाललाय!

हवालदारबुवा झेंडू आणायला भायखळ्याला गेले होते. मीच यजमान झालो.

"किती माणसं मावतात आत?" एकानं विचारलं.

"किती म्हणजे? अहो, गोळीबारात अख्खी गल्ली मावली होती!"

"दार कुणी उघडलं?"

"आमच्या हवालदारबुवांनी. पोलिसांना काय पळवलं म्हणता!" मी ती गर्जनाही करून दाखवली.

कुणी हसलं नाही. मी मागवलेल्या चहाला कुणी हात लावला नाही. टेप गुंडाळली आणि गेले. कपांवर साय धरेपर्यंत मी त्यांच्या तुसड्या स्वभावाचा विचार करत बसलो होतो.

संध्याकाळी हवालदारबुवा घोड्यांना तेल लावत होते. मी मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"पायात काय होता त्येंच्या?"

"बूट. काळे. तिघांचेही सारखे."

ते उठले आणि त्यांनी दाराला आतून कडी घातली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

खंडेनवमीच्या आतच हुकूम आला. इमारत धोक्याची आहे, ताबडतोब रिकामी करा. धोक्याची! तिच्या भिंतीत आमचा खिळा जात नव्हता.

तरी पूजा झाली. मंडपाबाहेर पाडकाम करणारे बिगारी पहारी घेऊन उकिडवे बसले होते, आणि जीप आज भर दुपारी आली होती. हवालदारबुवांनी सगळ्या हत्यारांना हळदकुंकू वाहिलं. मग ताम्हन घेऊन ते बाहेर गेले आणि त्या पहारींनाही एकेक बोट लावलं. बिगारी खाली मान घालून बसले.

दसऱ्याला सकाळी पहिला घाव पडला. आमच्या घरात मांडणीवरची भांडी वाजली.

कोकणच्या बोटीला हवालदारबुवांची ट्रंक मी भाऊच्या धक्क्यापर्यंत वाहिली. म्हातारपणी ते बायकोच्या माहेरी राहायला निघाले होते. बायको पदरानं डोळे पुसत पुढे गेली. बोटीचा भोंगा झाला, तसं मला काहीतरी बोलावंसं वाटलं.

"हवालदारबुवा, तिथला पत्ता द्या ना. मी भेटायला येईन."

त्यांनी ट्रंक माझ्या हातातून काढून घेतली.

"पत्तो तुका सांगूचंय नाय मी," ते म्हणाले. "तू कोणाकय सांगशीत."